घरून काम करणारी टीम, नेतृत्व आणि मोकळा संवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नाशिकमधून टीम चालवणाऱ्यांचे आहेत. कोणाचं ऑफिस अंबडला आणि डिझाइनची माणसं घरी, कोणी गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधून पुण्याची किंवा अमेरिकेची टीम सांभाळतं, कोणाची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये फिरतीवर. प्रश्न मात्र फिरून तेच येतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलं आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पारदर्शकता म्हणजे टीमला सगळंच सांगायचं का?

नाही. ज्या निर्णयांचा टीमच्या कामावर, वेळेवर, पगारावर किंवा पुढच्या वाटचालीवर परिणाम होतो, त्यांच्याबद्दल चार गोष्टी कळल्या की पुरे: काय ठरलं, का ठरलं, कोणी ठरवलं, आणि जे अजून ठरलं नाही ते कधी कळेल. यातली चौथी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि अफवा तिथूनच सुरू होतात. ऑफिसात माणूस चेहऱ्यांवरून अंदाज बांधतो, शेजारच्या टेबलाला विचारतो. घरी बसलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. तुम्ही गप्प राहिलात की तो त्याचा अर्थ स्वतःच लावतो, आणि सहसा वाईटच लावतो.

जे उघड करायचंच नसतं त्याची यादी प्रश्न १७ मध्ये आहे.

२. आम्ही सातच जण आहोत. चौघं सातपूरच्या ऑफिसात, तिघं घरून. एवढ्याशा टीमला लिखापढी कशाला?

अशाच टीमला ती सगळ्यात जास्त लागते. सगळे घरून असतील तर निदान सगळ्यांना सारखंच कळतं. चौघं एकत्र बसत असले की निम्म्या गोष्टी चहाला गेल्यावर ठरतात आणि घरच्या तिघांना त्या काम अंगावर आल्यावर समजतात. काही महिन्यांत हे तिघं मीटिंगमध्ये मत देणं सोडून देतात, कारण आधीच ठरून गेलेल्या गोष्टीवर बोलून उपयोग नाही हे त्यांना उमगलेलं असतं.

दोन नियम पुरतात. समोरासमोर बोलताना काही ठरलं, तर तिथे हजर असलेल्यांपैकी एकाने त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या आत ते टीमच्या चॅनेलवर लिहायचं आणि खाली मुदत द्यायची: ‘कोणाला हरकत असेल तर उद्या दुपारी १२ पर्यंत सांगा.’ दुसरा नियम असा की मीटिंगमध्ये एक जण जरी ऑनलाइन असेल, तरी प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून जोडून घ्यायचं. टेबलावर मधोमध एक मोबाइल ठेवून चौघं बोलायला लागले की पलीकडच्याला निम्मं ऐकू येत नाही आणि मध्ये तोंड घालायला जागाही मिळत नाही. एकाच खोलीत असाल तर माइक आणि स्पीकर एकाच लॅपटॉपचा चालू ठेवा, बाकीच्यांचे दोन्ही बंद. नाहीतर आवाज घुमतो.

३. व्हॉट्सॲप, स्लॅक, ईमेल, कॉल: कुठली गोष्ट कुठे सांगायची?

स्वतःला एक प्रश्न विचारा: महिन्याभराने ही गोष्ट कोणी शोधणार आहे का? शोधणार असेल तर ती नुसती व्हॉट्सॲपवर ठेवू नका. तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली निर्णय गाडला जातो.

- व्हॉट्सॲप: आजच्यापुरतं. ‘लिंक उघडत नाही’, ‘दहा मिनिटं उशीर होतोय’.
- स्लॅक किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स (ऑफिसच्या चॅटची ॲप्स) यांवरचं चॅनेल: चालू कामाची चर्चा, एका विषयाला एक थ्रेड, म्हणजे त्या विषयाची सगळी उत्तरं एकाच मेसेजखाली.
- सगळ्यांना उघडता येईल असं एक डॉक्युमेंट: निर्णय, नियम, सुट्ट्या, कोणाकडे काय जबाबदारी.
- कॉल: मतभेद, वाईट बातमी, आणि लेखी तीन उत्तरांत न मिटलेलं काहीही. कॉल संपला की काय ठरलं ते दोन ओळींत त्याच थ्रेडमध्ये लिहायचं.
- ईमेल: ग्राहक आणि बाहेरची मंडळी, नेमणूक किंवा पगारवाढीसारखी पत्रं.

एक सवय मुद्दाम मोडावी लागते. कामाचा प्रश्न लोक लीडला, म्हणजे टीम चालवणाऱ्याला, खासगीत विचारतात, लीड खासगीतच उत्तर देतो, आणि तोच प्रश्न आणखी तिघांना पडलेला असतो. ‘चांगला प्रश्न आहे, चॅनेलवर टाकू का?’ असं विचारून उत्तर सगळ्यांसमोर द्या. विचारल्याशिवाय मात्र टाकू नका.

४. निर्णय लिहून ठेवायचा म्हणजे नक्की काय लिहायचं? नमुना मिळेल का?

हा घ्या. सपोर्ट टीमचं उदाहरण आहे, तारखा आणि तपशील आपापले घाला.

*निर्णय:* १ जुलैपासून ग्राहकाच्या तक्रारीला पहिलं उत्तर ४ तासांत. सध्या २४ तास.
*कोणी ठरवलं:* सपोर्ट लीडने, संचालकांची मान्यता.
*कारण:* दोन मोठ्या ग्राहकांनी करार वाढवताना ही अट घातली आहे.
*इतर पर्याय आणि ते का सोडले:* रात्रीची शिफ्ट (माणसं अपुरी). बाहेरची एजन्सी (शिकवण्यात दोन महिने जातील).
*परिणाम कोणावर:* सपोर्टमधले पाच जण. शनिवारी आळीपाळीने एक जण.
*अजून ठरायचं:* शनिवारचा मोबदला. २० जूनपर्यंत कळवू.
*पुन्हा कधी पाहणार:* ३० सप्टेंबर.

लिहायला दहा मिनिटं लागतात. ‘इतर पर्याय’ ही ओळ लोक गाळतात, पण विश्वास बसतो तो तिच्यामुळेच. आपल्या डोक्यात आलेला उपाय वरच्यांनीही तपासला होता हे दिसलं की निर्णय न पटलेला माणूसही कामाला लागतो. ती ओळ नसेल तर ‘यांना साधं एवढं सुचलं नाही का’ ही चर्चा पुढचा आठवडाभर खासगी ग्रुपमध्ये चालते.

‘कोणी ठरवलं’ या ओळीत ‘मॅनेजमेंटने’ असं लिहू नका. पद लिहा. प्रश्न असणाऱ्याला कोणाकडे जायचं ते कळलं पाहिजे.

सगळ्या नोंदी एकाच डॉक्युमेंटमध्ये, नवीन नोंद सगळ्यात वर. निर्णय बदलला तर जुनी नोंद पुसायची नाही. तिच्यावर रेघ मारून खाली तारीख आणि बदलाचं कारण लिहायचं. गुपचूप बदललेली एक ओळ कोणाच्या लक्षात आली की लोक बाकीच्या नोंदींवरही भरवसा ठेवत नाहीत.

५. लीडने आठवड्याला मेसेज पाठवावा म्हणतात. त्यात काय असावं?

शुक्रवारी दुपारी ४ ही वेळ चांगली. शंका असेल तर माणूस त्याच दिवशी विचारू शकतो. रात्री आठला पाठवलेला मेसेज लोक शनिवारभर डोक्यात घोळवत बसतात. लांबी अडीचशे-तीनशे शब्द, फोनवर वाचता येईल इतकीच.

आत क्रमाने: या आठवड्यात काय ठरलं (प्रश्न ४ मधल्या नोंदीची लिंक), काय बिघडतंय आणि त्यावर काय चाललंय, टीमचं काम ज्यांवर मोजलं जातं ते दोन-तीन आकडे, काय अजून लटकलंय आणि कधी कळेल, आणि गेल्या आठवड्यात आलेल्या प्रश्नांची उत्तरं. आकडे दर वेळी तेच ठेवा. चांगला दिसतोय म्हणून या आठवड्यात एक आकडा आणि पुढच्या आठवड्यात दुसरा, असं केलं तर ते लगेच ओळखू येतं.

हा मेसेज तीन ठिकाणी फसतो. एक, त्यात नुसतं अभिनंदन असतं. दोन, आठवडा वाईट गेला की तो येतच नाही, आणि मग मेसेज न येणं हीच बातमी होते. तीन, लीड रजेवर गेला की खंड पडतो. रजेवर जाताना कोण पाठवणार ते ठरवून जा. सांगण्यासारखं काही नसेल तरी दोन ओळी पाठवा.

६. मीटिंगच्या शेवटी ‘काही प्रश्न?’ विचारलं की सगळे गप्प. नंतर मात्र कुरकुर ऐकू येते. काय करावं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

चारचौघांत साहेबांनी ‘काही प्रश्न?’ म्हटलं की ‘नाही सर’ हेच उत्तर अपेक्षित आहे असं लोक धरून चालतात. मोठ्यांना सगळ्यांसमोर विचारणं म्हणजे उलट बोलणं, हे आपल्याकडे घरापासून आणि शाळेपासून अंगात मुरलेलं असतं. ऑनलाइन असताना त्यात भर पडते: चेहरे नीट दिसत नाहीत, दोघं एकदम बोलले की दोघंही थांबतात, आणि शांतता दुप्पट लांब वाटते. ‘इथे प्रश्न विचारला, चूक कबूल केली तर आपल्याला कमी लेखलं जाणार नाही’ असा टीमचा एकत्रित विश्वास, याला हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या आपल्या शोधनिबंधात मानसिक सुरक्षितता म्हटलं. ज्या टीममध्ये तो विश्वास होता तिथे लोक एकमेकांना विचारून, चुका बोलून शिकत होते, असं त्यांना आढळलं. तो विश्वास भाषणाने येत नाही. मीटिंगची पद्धत बदलावी लागते.

मीटिंगच्या आदल्या दिवशी एक पानाची टिपण पाठवा. मीटिंगची पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी शांतपणे ती वाचायची आणि त्याच डॉक्युमेंटमध्ये प्रत्येकाने किमान एक शंका टंकायची. बोलायला बिचकणारा माणूस लिहितो. नंतर चर्चा त्या लिहिलेल्या शंकांवर घ्या, आणि बोलण्याचा क्रम सगळ्यात नवीन माणसापासून सुरू करा. लीडने शेवटी बोलायचं. त्याने आधी मत दिलं की पुढचे सगळे त्याच सुरात बोलतात.

प्रश्न नेमका विचारा. ‘काही प्रश्न?’ ऐवजी ‘या वेळापत्रकातलं सगळ्यात आधी काय कोलमडेल?’ किंवा ‘यातला कुठला भाग ग्राहकाला समजावताना अडचण येईल?’ असं विचारलं तर उत्तर येतं. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक लीड तिसऱ्या सेकंदाला स्वतःच बोलायला लागतात.

मग पहिली हरकत येते, आणि सगळं तिला मिळालेल्या उत्तरावर अवलंबून असतं. ‘अरे, ते आपण मागेच बोललो होतो ना’ एवढ्या एका वाक्याने पुढचे सहा महिने गप्प जातात. ‘हे मी धरलं नव्हतं. गुरुवारपर्यंत तपासून इथेच लिहितो’ असं म्हणा आणि गुरुवारी खरंच लिहा.

निनावी फॉर्मचा सल्ला सर्रास दिला जातो. आठपेक्षा कमी माणसं असतील तर भाषेवरून माणूस ओळखू येतो, त्यामुळे तिथे निनावीपणाचं आश्वासन देऊ नका. मोठ्या टीमसाठी गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे का ते आधी पाहा. आलेले सगळे प्रश्न, बोचरे असले तरी, जसेच्या तसे दाखवा. एखाद्या सहकाऱ्याचं नाव घेऊन आरोप असेल तेवढाच वगळा आणि वगळला आहे हे सांगा.

कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती नको. एका खोलीत चार माणसं राहत असलेल्या घरातून काम करणाऱ्याला ती जाचक होते.

७. वन-ऑन-वन किती वेळा घ्यावं आणि बोलायचं काय?

वन-ऑन-वन म्हणजे लीड आणि टीममधला एक जण, दोघांचंच ठरवून केलेलं बोलणं. दोन आठवड्यांतून एकदा, अर्धा तास. नवीन माणसाला पहिले तीन महिने दर आठवड्याला. कामाची स्थिती विचारण्यात हा वेळ घालवू नका, ती कामांची यादी असलेल्या बोर्डवर दिसते. विषय समोरच्याने आणायचे. त्याने काहीच आणलं नाही तर तीन प्रश्न पुरतात: ‘कुठे अडलंय?’, ‘माझ्याकडून काय हवंय जे मिळत नाही?’, ‘टीममध्ये मला न दिसणारं काय चाललंय?’

ऐनवेळी रद्द करू नका. त्याच आठवड्यात दुसरी वेळ द्या. एका लीडकडे दहापेक्षा जास्त माणसं असतील तर हे गणित बसत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा घ्या, पण नेमाने.

८. मी ‘थोडं बोलायचं होतं, फ्री झालात की कॉल करा’ एवढंच लिहितो. लोक घाबरतात असं कळलं. यात चुकलं काय?

विषय लिहिला नाही. वाचणारा कॉल लागेपर्यंत आपली कुठली चूक झाली याची उजळणी करत बसतो. तीन गोष्टी लिहा: विषय, किती वेळ, किती तातडी. ‘सिन्नरच्या ग्राहकाच्या कोटेशनबद्दल १० मिनिटं बोलायचंय, आज पाचपर्यंत कधीही चालेल, काळजीचं काही नाही.’ काळजीचं असेल तर शेवटचे शब्द लिहू नका, आणि तासाभराच्या आत बोला.

९. टीममध्ये नागपूर आणि चेन्नईचे लोक आहेत. मराठीत बोलावं की नाही?

चॅनेलमध्ये किंवा कॉलवर मराठी न समजणारा एक जण जरी असेल, तरी कामाचं सगळं त्याला समजेल अशा भाषेत. दोघांच्या गप्पा मराठीत चालू द्या, त्यात गैर काही नाही, पण त्यातून काही ठरलं तर प्रश्न २ मधला नियम लागू.

उलटी बाजूही पाहा. सगळे मराठी असताना मोठ्या कंपनीसारखं दिसावं म्हणून इंग्रजीत मीटिंग घेतली, तर इंग्रजीत अडखळणारा तुमचा उत्तम मशीन डिझायनर तोंड उघडणार नाही. भाषा सवयीने निवडू नका. कोण बोलू शकेल ते पाहून निवडा. आणि कोणाला ‘सर’ म्हणायचं नाही असा फतवा काढून मोकळेपणा येत नाही. ‘सर’ म्हणूनही स्पष्ट बोलणारी माणसं असतात.

१०. मीटिंगच्या मध्येच कोणाची तरी लाइट जाते. काय व्यवस्था असावी?

आधी घरची तयारी. वायफाय राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की साधारण दोन ते चार तास निघतात. काही घरांत फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतात. लोक राउटरला यूपीएस लावतात, फायबरचा डबा विसरतात, आणि वायफायची खूण दिसत असूनही नेट नसतं. दोन्हींना बॅकअप हवा. नेट मंदावलं तर आधी व्हिडिओ बंद करा; नुसत्या आवाजाला शंभर केबीपीएसच्या आसपास पुरतं, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतं.

टीमचा नियम सोपा ठेवा: ‘लाइट गेली, ४ पर्यंत फोनवरच’ एवढा मेसेज पुरेसा. बंद पडलेल्या मीटरचा फोटो मागू नका. महावितरणने आधी कळवलेली वीजबंद टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका. ज्याचं नेट मधेच गेलं त्याच्याशिवाय घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कच्चा धरा.

हेच २०२७ च्या सिंहस्थाला लागू. पर्वण्यांच्या दिवसांत पंचवटी आणि त्र्यंबक रोडकडच्या माणसांना ऑफिसात बोलवायचं की नाही, हे आदल्या रात्री ठरवू नका. महिनाभर आधी लिहून टाका.

११. वरिष्ठ अमेरिकेत किंवा लंडनला आहेत. आमच्या रात्री निर्णय होतात आणि सकाळी आम्हाला धक्का बसतो. उपाय काय?

आधी घड्याळ नीट लावा. भारतात वेळ बदलत नाही, तिकडे बदलते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यूयॉर्कची सकाळी १० ची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७:३० ला आणि हिवाळ्यात रात्री ८:३० ला असते. ब्रिटनमध्ये हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. लंडनचे सकाळचे १० म्हणजे आपले दुपारचे २:३० किंवा ३:३०. मार्चमधले दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली असते आणि ब्रिटन नाही. तिन्ही देशांच्या मीटिंगा त्या दिवसांत हमखास चुकतात.

आता निर्णयाचं. तिकडच्यांशी एवढंच ठरवून घ्या: नाशिकच्या कामावर परिणाम करणारा निर्णय आमचा एक कामाचा दिवस उलटल्याशिवाय पक्का होणार नाही. त्यांनी लिहायचं, आपण आपल्या दिवसात उत्तर द्यायचं, मग पक्कं. खरंच तातडीचं असेल तर फोन, आणि फोनवर उठवायचं कोणाला तेही आधीच ठरलेलं. रात्रीच्या मीटिंगचा भार नेहमी एकाच बाजूवर नको. महिन्यातून एकदा त्यांनी लवकर उठावं, हे मागायला संकोच करू नका.

१२. आमची माणसं बागांमध्ये आणि पॅकहाउसवर असतात. लॅपटॉप नाही, ईमेल पाहत नाहीत. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं?

इथे व्हॉट्सॲपला पर्याय नाही, पण शिस्त लावता येते. बातम्यांसाठी वेगळा ग्रुप करा, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतील. दीड मिनिटाच्या आतला व्हॉइस मेसेज, लीडच्या स्वतःच्या आवाजात, आणि त्याखाली तीच गोष्ट तीन ओळींत. नुसता आवाज असेल तर नंतर शोधता येत नाही. नुसतं लिहिलं तर गाडीवरचा माणूस वाचत नाही.

वेळ त्यांच्या दिवसाप्रमाणे ठेवा. द्राक्षाच्या हंगामात पहाटेपासून तोडणी चालू असते, तेव्हा सकाळी १० च्या कॉलला कोण येणार? जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी सहानंतर दहा मिनिटं घ्या. पगार, भत्ता, पेट्रोलचा दर असे बदल एप्रिलच्या खरड छाटणीच्या किंवा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या ऐन धांदलीत जाहीर करू नका. लोक तेव्हा ऐकून घेतात आणि महिन्याने चिडतात. महिन्यातून एकदा लीडने स्वतः जाऊन बांधावर बोलावं. ते दुसऱ्या कशाने भरून निघत नाही.

१३. घरून काम करतात की नाही ते कसं कळणार? स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावू का?

लावू नका. माउस हलतोय एवढंच त्यातून कळतं, आणि माउस हलवत ठेवणं लोक आठवड्यात शिकतात. टीमने तुमच्याशी मोकळं बोलावं अशी अपेक्षा ठेवून तिच्या स्क्रीनचे फोटो काढत राहणं, या दोन गोष्टी एकत्र टिकत नाहीत.

प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी सगळ्यांना दिसू द्या: कोणाकडे आहे, पूर्ण झालं म्हणजे काय झालं, कोणत्या तारखेला. रोज सकाळी चॅनेलवर प्रत्येकाच्या तीन ओळी: काल काय झालं, आज काय, कुठे अडलंय. लीडच्याही. लीडचं काम कोणाला दिसतच नसेल तर ही पद्धत पाळतीसारखी वाटायला लागते. ग्राहकाच्या करारामुळे नजर ठेवणं भागच असेल, तर काय नोंदवलं जातं, कोण पाहतं आणि किती दिवस ठेवलं जातं, हे लेखी सांगून मगच सुरू करा.

१४. मोठा ग्राहक गेला, पगार लांबणार, माणसं कमी करायची आहेत. हे कसं सांगायचं?

ज्याला फटका बसणार त्याला आधी, एकट्याला, कॉलवर. मग त्याच दिवशी सगळ्या टीमला. मध्ये रात्र गेली की बातमी तुमच्या आधी पोचते. आणि शुक्रवारी संध्याकाळी सांगून गायब होऊ नका. सांगितल्यावर दोन दिवस तरी बोलायला उपलब्ध राहा.

पहिल्या दोन वाक्यांत मूळ गोष्ट सांगा. प्रस्तावना लांबली की लोकांच्या पोटात गोळा येतो. मग कारण, मग कोणावर काय परिणाम, मग पुढची तारीख. ‘काळजी करू नका’ आणि ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ ही वाक्यं टाळा. कमी केलेल्या माणसाला दुसरं वाक्य आयुष्यभर बोचतं.

पगार लांबणार असेल तर साधारण असं: ‘या महिन्याचा पगार ५ तारखेला देऊ शकत नाही. एका ग्राहकाची रक्कम अडकली आहे. ७ तारखेला प्रत्येकाच्या खात्यात निम्मी रक्कम येईल, उरलेली १८ ला. १८ ला काही बदललं तर १६ लाच सांगेन. ज्यांचा हप्ता या दरम्यान जातो त्यांनी आज मला फोन करावा.’ महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत देणं ही कायदेशीर जबाबदारी आहे. नीट सांगितलं म्हणून ती टळत नाही, त्यामुळे उरलेली रक्कम आधी उभी करण्याचा प्रयत्न सोडू नका.

कपात झाल्यावर ‘आता आणखी कोणी जाणार नाही’ असं म्हणायचा मोह होतो. खात्री नसेल तर म्हणू नका. ‘सप्टेंबरपर्यंत दुसरी कपात ठरलेली नाही, सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा आढावा आहे’ एवढंच खरं असेल तर एवढंच सांगा.

१५. अजून काहीच ठरलेलं नाही, पण कुजबुज सुरू झाली आहे. आत्ता बोलू की थांबू?

आत्ता. तीन ओळी पुरतात: ‘ऑफिस पाथर्डी फाट्याकडे हलवण्याचा विचार चालू आहे, हे खरं आहे. ठरलेलं नाही. १५ तारखेला बैठक आहे, १६ ला सकाळी मी इथे लिहीन.’ १६ तारखेलाही काही ठरलं नाही, तर तसं १६ लाच लिहायचं आणि नवी तारीख द्यायची. दिलेल्या तारखेला गप्प राहणं हे मुळात न बोलण्यापेक्षा वाईट.

१६. वरिष्ठांनी सांगायला मनाई केली आहे आणि टीम थेट विचारतेय. खोटं बोलू का?

नाही. ‘यावर मी बोलू शकत नाही, बोलता येईल तेव्हा आधी तुम्हाला सांगेन’ एवढं म्हणा. पण एक अडचण असते. काही नसताना तुम्ही नेहमी ‘छे, काही नाही’ म्हणत आला असाल, तर आज ‘बोलू शकत नाही’ म्हणणं हेच उत्तर ठरतं. म्हणून विक्री, विलीनीकरण, कपात अशा विषयांवर, काही असो वा नसो, पहिल्यापासून हेच एक वाक्य वापरा.

कधीकधी मनाई कायद्याची असते. मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती बाहेर काढणं सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यापारविषयक नियमांत बसत नाही. टीमला हे कारण सर्वसाधारणपणे आधीच समजावून ठेवा.

१७. कुठल्या गोष्टी उघड करूच नयेत?

कोणाचं आजारपण, घरची अडचण, रजेचं खासगी कारण. कोणाच्या कामाचं मूल्यमापन. राजीनामा, जोपर्यंत तो माणूस स्वतः सांगत नाही किंवा सांगा म्हणत नाही. ग्राहकाने गोपनीय ठेवायला सांगितलेलं.

लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल विशेष सावध राहा. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते, आणि कलम १६ प्रमाणे तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील जाहीर करता येत नाही. घरून काम करतानाच्या कॉल आणि मेसेजबद्दलची तक्रारही समितीकडेच पाठवा. टीमला समितीत कोण आहे आणि तक्रार कशी करायची, हे मात्र ठळकपणे माहीत हवं.

१८. मग पगार उघड करावेत का?

बफर या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये सगळ्यांचे पगार जाहीर केले, त्याचा दाखला नेहमी दिला जातो. पण त्यांनी पगार ठरवायचं सूत्रही सोबत दिलं होतं. सूत्र नसताना नुसते आकडे उघडले तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला ‘मला कमी का’ याचं उत्तर द्यावं लागेल, आणि ते तुमच्याकडे नसेल. आधी प्रत्येक पदाची किमान-कमाल रक्कम आणि वरच्या टप्प्यावर जाण्याच्या अटी लिहा. कोणी त्या चौकटीबाहेर असेल तर ते दुरुस्त करा. मग चौकट जाहीर करा. बहुतेक टीमना इथवरच पुरतं.

१९. आमची घरची कंपनी आहे. भाऊ, म्हणजे मालक, माझ्या टीममधल्या पोरांना परस्पर व्हॉट्सॲपवर कामं सांगतात. मी काय करू?

अंबड-सातपूरच्या कितीतरी कंपन्यांत हे आहे. मालकाला ‘मला न विचारता सांगू नका’ असं म्हणून चालणार नाही, आणि पोरंही त्यांना नाही म्हणू शकत नाहीत. त्यामुळे पोरांना दोष देऊ नका.

भाऊंशी एकट्याने, समोर बसून बोला, आणि तक्रार न मांडता परिणाम दाखवा: ‘भाऊ, परवा तुम्ही सांगितलेलं ड्रॉइंग त्याने आधी घेतलं, त्यामुळे ठरलेली डिलिव्हरी एक दिवस सरकली. तुम्ही सांगाल ते होईलच. फक्त टीमच्या ग्रुपवर सांगा, म्हणजे काय मागे टाकायचं ते मी लगेच ठरवतो.’ पोरांसाठी एक वाक्य ठरवून द्या: ‘हो भाऊ, करतो. ग्रुपवर टाकून ठेवतो.’ काम होतं, मान राहतो आणि सगळ्यांना दिसतं. पंधरा दिवसांनी भाऊंना यादी दाखवा: त्यांनी सांगितलेली कामं, त्यामुळे सरकलेली कामं. बहुतेक मालक यादी पाहून स्वतःच आवरतात. नाही आवरले तर दर दिवसाचे दोन तास त्यांच्या तातडीच्या कामांसाठी राखून ठेवा आणि वेळापत्रक त्या हिशोबानेच करा.

२०. सुधारणा होते आहे हे कसं ओळखायचं?

मोठ्या सर्वेक्षणाची गरज नाही. महिन्यातून एकदा टीममधल्या कोणत्याही तिघांना वेगवेगळं विचारा: ‘गेल्या महिन्यातला सगळ्यात मोठा निर्णय कोणता आणि तो का घेतला?’ तिघांची उत्तरं जुळली तर संवाद पोचतोय. निर्णय माहीत आहे पण कारण वेगवेगळं सांगतात, असं झालं तर प्रश्न ४ मधल्या नोंदीत कारणाची ओळ कमजोर आहे.

दुसरी खूण: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती आधी येते. ‘आजची डिलिव्हरी होणार नाही’ हे आज कळतंय की चार दिवस आधी, याची तारीखवार नोंद ठेवा. तिसरी: चॅनेलवर तोच प्रश्न पुन्हा येतोय का. येत असेल तर उत्तर आहे, पण सापडत नाही. डॉक्युमेंटचं नाव आणि जागा बदला. प्रश्न येणंच थांबलं तर मात्र खूश होण्याआधी प्रश्न ६ पुन्हा वाचा आणि त्याच आठवड्यात सगळ्यांचे वन-ऑन-वन लावा.